कोनशिलेवरचं साल

चिरंजीव भाऊराया,

ताईचे अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? वहिनीला माझी आठवण सांग. मी ठणठणीत आहे. माझी कादंबरी मात्र या जोडसुट्टीत मरता मरता वाचली, तेच सांगायला बसले आहे.

मंगळवारी हस्तलिखित छापखान्यात द्यायचं, तेव्हा तीन दिवस नुसते स्वल्पविराम वेचायचे असा माझा बेत होता. (चार इयत्ता शिकलेल्या बाईला स्वल्पविरामांचं भारी कौतुक!) पण त्याआधी ते आमच्या ग्रंथपालबाईला वाचायला दिलं होतं. पोर तुझ्या मुलीच्या वयाची, पण रीत बघ: चुकलं असं तोंडाने कधी म्हणायची नाही, शंका आली की पानात कागदाची चिठ्ठी खोचायची. माझी कादंबरी साळिंदर होऊन परत आली. सगळ्यात लांब चिठ्ठी अकराव्या प्रकरणात: ‘तेव्हा पूल होता?’

आता अकरावं प्रकरण म्हणजे कादंबरीचा जीव! चाळीस माणसांचं वऱ्हाड वाजतगाजत नव्या पुलावरून नदी ओलांडतं. आणि पुलाचं साल तर आपण दोघांनी कोनशिलेवरून आणलेलं. तू वाकून वाचलंस, मी पिशवीवर वही ठेवून लिहिलं. तावातावाने ग्रंथालय गाठलं, तर सुट्टीचं कुलूप. ग्रंथपालबाई समोरूनच भाजी घेऊन घरी निघाली होती. माझा चेहरा पाहिला आणि पिशवी हातात तशीच ठेवून कुलूप उघडलं. (माझ्या सख्ख्या लेकाने सुट्टीच्या दिवशी माझ्यासाठी डोळासुद्धा उघडला नसता.)

मागच्या खोलीत जुन्या वर्तमानपत्रांचे बांधीव गठ्ठे आहेत. मी बातम्या चाळत होते, ती जाहिराती. म्हणाली, “मावशी, बातमीवाला फुगवून लिहितो. जाहिरातवाला पदरचे पैसे घालतो, तो खरं तेच लिहितो.” केवढं हे शहाणपण! मी चाळीस वर्षं आपल्या भागाचा इतिहास वाचते आहे, मला कधी सुचलं नाही. दुपारी तिने एक पान माझ्यापुढे सरकवलं: ‘नावेत छत्री सापडली आहे, मुठीला पितळी पोपट. नावाड्याकडे ओळख पटवून न्यावी.’ आपल्या सालानंतर नऊ वर्षांनी! पूल असता तर माणसं नावेत कशाला छत्र्या विसरतील?

तरी मी हटून बसले. मग ती मला पुलाखाली घेऊन गेली आणि ग्रंथालयाच्या किल्लीने कोनशिलेवरचं शेवाळ खरवडू लागली. सालाच्या वर एक शब्द निघाला: ‘पायाभरणी’. पूल उभा राहायला पुढे अकरा वर्षं लागली होती, भाऊराया.

मी तिथेच दगडावर बसून रडले. चार वर्षांचं काम, आणि वऱ्हाड हवेतून चाललेलं! ती शेजारी बसली. म्हणाली, “मावशी, नावेच्या भाड्याच्या जाहिरातीत लिहिलंय, नावेत बाराच माणसं मावायची. मग उरलेले अठ्ठावीस काय करत बसले असतील?”

झालं! दोन दिवस मी लिहीत बसले, जेवायलाही उठले नाही. पहिल्या नावेत आधी कोण, यावरून वऱ्हाडात जुंपली. नवरदेवाचे मामा दहा प्रकरणं मुके होते, त्यांना कंठ फुटला. पाहुण्यांनी नाव भरली आणि खुद्द नवरदेव अलीकडच्या काठावर राहिला. मीच लिहिलं आणि मीच हसून हसून पडले. पुलावरून असलं काही झालं असतं का?

सगळ्यांना जपून राहायला सांग.

तुझी,
ताई

ता. क. कादंबरी तुला अर्पण करणार होते, हे तू न्हाव्यापर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं आहेस, ठाऊक आहे. पण तो मान मला या पोरीला द्यावासा वाटतो. राग मानू नकोस.

ता. क. २. “भाऊंना विचारल्याशिवाय नको,” असं ती म्हणाली. मी म्हटलं, “अगं, कल्पनाच त्याची!” अर्पणपत्रिकेचं पान छापखानेवाल्यांच्या घरी देऊन आले आहे. पुढच्या आठवड्यात ती आभार मानायला तुला फोन करील. तेव्हा कृपा करून दचकू नकोस.