चुरगळलेली चादर

रविवार, १२ मे

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही सगळे मजेत. भावोजींचा गुडघा कसा आहे? जिना चढतात का आता? आणि तुमच्या मागच्या खोलीत अजून ते शिलाई मशीनच आहे ना? सहज विचारलं.

बातमी आहे आपल्या भिंगरीची. आठवी संपली आणि बाईसाहेबांनी जाहीर केलं, पुढे शिकेन तर चित्रकलेच्या हायस्कूलमध्येच. हे म्हणाले, "चित्रं काढायला शाळा कशाला लागते? कागद लागतो." दुसऱ्या दिवशी आमच्या लाँड्रीच्या टेबलावर जाड कागदांचा गठ्ठा! विचारलं तर म्हणे, गिऱ्हाईक विसरून गेलं. असं गिऱ्हाईक मी तरी पाहिलेलं नाही.

अर्जासोबत निवडक चित्रं द्यायची होती. हिची सगळी चित्रं गुंडाळून पलंगाखाली कोंबलेली, कडा मुडपलेल्या. आणि यांना चुरगळलेली वस्तू बघवत नाही, तुला माहीतच आहे. पोरगी मैत्रिणीकडे गेल्याचं पाहून यांनी एकेक चित्र पसरलं आणि कडक इस्त्री फिरवली! पेन्सिलची चित्रं झकास सपाट झाली. तेलखडूंची वितळली. गल्लीवरचं आकाश छपरांवर ओघळलं, उरलेलं इस्त्रीला चिकटलं, आणि त्याच इस्त्रीखाली पुढचा कोट होता दातांच्या डॉक्टरांचा. पांढऱ्याशुभ्र पाठीवर हे एवढं निळं आकाश!

पोरगी आली तेव्हा हे गुन्हेगारासारखे कोपऱ्यात उभे. मला वाटलं, आता रडून घर डोक्यावर घेणार. तर ती पोट धरून हसत सुटली. "बाबा, काय हो हे! गिऱ्हाइकांच्या कपड्यांची एवढी काळजी करत नाही तुम्ही कधी!" मग बसून दोन नवी चित्रं काढली. अर्ज वेळेत गेला.

प्रवेशपरीक्षेला हे स्वतः घेऊन गेले. मी तापाने फणफणले होते तेव्हाही लाँड्री बंद ठेवली नव्हती या माणसाने. शाळा तुमच्याच शहरात आहे, ताई. तुला न भेटता दोघं परत आले, रागावू नकोस. कारण पुढे सांगते.

परीक्षेत एका स्टुलावर चादर चुरगळून टाकलेली आणि म्हणे काढा तिचं चित्र. बाकीची पोरं डोकं धरून बसली. आपली पोर घड्या आणि चुण्या बघतच मोठी झालेली. बाहेर आल्यावर म्हणाली, "बाबा, एक चुणी सोडली नाही. सगळ्या कागदावर उतरवल्या."

"मी जन्मभर चुण्या घालवतोय," हे म्हणाले, "आणि तू त्या जपून ठेवतेस! बुडवलंस घराण्याचं नाव." आणि बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला हीच हकीकत दोनदा ऐकवली.

काल निकाल लागला. निवड झाली, ताई! भिंगरी नाव सार्थ करत घरभर गिरक्या घेत होती. हे इस्त्रीचं टेबल पुसत राहिले, डोळ्यांत वाफ गेली म्हणाले. इस्त्री बंद होती.

आता मुद्द्याचं. शाळेला वसतिगृह नाही. शहरात नात्यातलं घर असेल तरच प्रवेश पक्का होतो, आणि या आठवड्यात तसं कळवायचं आहे. तुमच्या दारावरून गेले तरी दोघं आत आले नाहीत ते यामुळेच. तोंड उघडलं की मागावं लागलं असतं. मलाही बजावलंय, ताईवर भार टाकू नकोस. मी ऐकलं नाही.

ठेवशील तिला तुझ्याकडे? पसारा करते, दुधाला नाक मुरडते, भिंती रंगवणार नाही याची मी हमी देत नाही. तिच्याशिवाय हे घर मला खायला उठेल. तरीही मीच म्हणतेय, घेऊन जा तिला.

जमणार नसेल तर दोन ओळी लिही, मनात काही धरणार नाही. जमणार असेल तर मात्र फोन कर आणि आधी तिलाच सांग. ती किंचाळेल, तो आवाज मला ऐकायचा आहे.

आयुष्यात पहिल्यांदाच तुझ्यापुढे हात पसरणारी,
तुझी हट्टी धाकटी