राखून ठेवलेला वरंबा

भाद्रपद व. २, कुंभारी
मृग कोरडा गेला. रताळ्याचे वेल आज लागले, उत्तरा नक्षत्राच्या पावसावर. पूर्वी नागपंचमीलाच हातभर पसरलेले असायचे.
लावताना सारखी आमची लेक गंगू आठवत होती. दुधनीच्या विहीणबाई तिला एरवी माहेरी पाठवत नाहीत. पण पहिला वेल घरच्या लेकीने उपटायचा, ही आमची रीत त्यांनी मानली आहे. ‘रताळी निघाली की कळवा, धाडते.’ तेवढेच काय ते माहेर.

आश्विन व. ९
स्वाती लागली तरी उघडीप नाही. वेल उचलून फिरवायला हवेत, नाहीतर पेरापेराला मुळ्या धरतात नि खाली रताळी पोसत नाहीत. चिखलात पाय ठरत नाही.
हे खूश. ‘पाला बघ की! असा कधी बघितलास?’ खरेच, रान नुसते हिरवेगार.

कार्तिक व. ४
दिवाळीला गंगू नाहीच. तिच्या वाटणीचे उटणे तसेच वाटीत.
पाला बघून यांनी दुधनीला निरोप धाडला, यंदा रताळी भरपूर, माघात गंगूला न्यायला येतो.

माघ शु. ११
रखमा खुरपायला आली होती. चाचपायला म्हणून एक वेल ओढला. खाली दोऱ्यासारख्या मुळ्या.
‘वैनी, ही रताळी न्हाईत, उंदराच्या शेपट्या हायत!’
दोघी पोट धरून हसलो. मग मी म्हटले, ‘अगं, पहिला वेल लेकीचा असतो.’
‘मग ह्यो मोजायचा न्हाई की.’
ती गेल्यावर मुळ्या पुन्हा मातीत दाबून आले.

माघ व. ३
गंगूची वाट न बघता यांनी एका वरंब्याखेरीज सगळे उपटले. टोपलीभरही नाही. पाला गुरांना.
‘आता कशाला आणायची तिला? विहीणबाई हसतील,’ हे म्हणाले.
‘विहिरीकडचा तेवढा वरंबा ठेवा.’
‘त्यात तरी काय असणार?’
पण ठेवला त्यांनी.

माघ व. ९
दुधनीचा निरोप. ‘शिवरात्रीला रताळी घेऊन या, मुलीला न्या.’ हे म्हणतात, बाजारातली नेऊ. नको. गंगू हातात घेताच ओळखेल.

माघ व. १२
हे सकाळच्या गाडीने गेले. पिशवीत ती टोपलीतली चार बोटभर रताळी, नि ओल्या फडक्यात विहिरीकडच्या वेलाची खुडलेली जुडी, वेल अजून हिरवा आहे हे दिसायला.
‘काय सांगू त्यांना?’
‘काढणी राहिली आहे म्हणा. खोटे नाही ते.’
उद्या संध्याकाळी येतील. एकटे की…

गंगूची वाकळ उन्हात घातली होती. दुपारी आभाळ आले, आत घेतली.
दिवेलागणीला विहिरीकडे गेले. रताळे फुगले की वरंबा चिरतो. पाने बाजूला करून पाहिले. एके ठिकाणी रेघ होती, की सावली. बोट घालून बघणार होते.
पण पहिला हात तिचा.