मोडका स्टड बदलला

बाबा,

तुम्ही उठायच्या आत मी गाडी घेऊन निघाले आहे. घाबरू नका, चाक जागेवर आहे.

तुम्ही चाकाचा नट तिरका चढवून पान्यावर उभे राहिलात तेव्हा मोडलेला तो स्टड-बोल्ट, काल तुम्ही कामावर असताना मी बदलला. ब्रेकचा ड्रम काढला, मोडका तुकडा हातोडीने ठोकून मागे पाडला, नवा मागून घातला आणि जुन्या नटाखाली वायसर देऊन आवळत आवळत पक्का बसवला. बाकीच्या तीन स्टडांचे आटेही तारेच्या ब्रशने घासले. चारही नट आधी नुसत्या हाताने फिरवले, मग समोरासमोरचे आवळले. मावशीकडे पोचल्यावर पुन्हा एकदा आवळून बघेन.

हो, मावशीकडेच चालले आहे, आईला आणायला. तीन आठवडे तुमचं एकच पालुपद, "गाडीच बंद, तिला आणायला जाऊ कसा?" आता गाडी सुरू आहे.

दूध तापवून ठेवलंय. दाढी करा. तिच्याशी काय बोलायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

आईला सकाळी फोन करून चाक बसवल्याचं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "नट कोणी आवळले?"

मी म्हटलं, "मी."

"मग बॅग भरते," म्हणाली.

धाकटी