बाबांची मिल आणि गाडीवरची डिश

शनिवार, संध्याकाळ. लालबाग.

आज बाबांना कामावर घेऊन गेलो. त्यांच्या बंद मिलमध्ये शूटिंग आहे म्हटल्यावर तेच म्हणाले, "माका पण ने. संपानंतर आत पाऊल नाय टाकलंय."

हिरोईनच्या व्हॅनिटी व्हॅनमधला टीव्ही, एसी, वायरिंग माझ्याकडे असतं. व्हॅन मिलच्या आवारात लावली. मी टपावर चढून डिश फिरवत होतो. बाबा आत टीव्हीसमोर उभे राहून ओरडत होते, "आला... गेला... आता आला." चित्र स्थिर झालं तेव्हा ते हसले. किती वर्षांनी असं हसले असतील?

डिशचे नट आवळून खाली आलो, तर बाबा नाहीत.

ते साचेखात्यात, कापड विणायच्या मागांच्या शेडमध्ये, सापडले. साचे कधीच भंगारात गेलेत, तिथे आता हॉटेलचा सेट लावलाय. एका टेबलाशेजारी उभे राहून बाबा पायाने फरशी चाचपत होते. त्यांचा साचा जिथे बसवला होता ती जागा शोधत असावेत. तेवढ्यात वॉचमन आला. "ए बाबा, चल, बाहेर हो."

मी पोचायच्या आत बाबांनी हात जोडले. "जातो, साहेब."

साहेब? तो पोरगा माझ्याहून लहान. संपात याच गेटवर पोलिसांसमोर छाती काढून उभा राहिलेला माणूस या पोराला साहेब का म्हणाला?

घरी आल्यावर आईने विचारलं, "बघितलीत मिल?"

बाबा चप्पल काढत म्हणाले, "नाय गो. बंद होती."