कणगीच्या जागी

५ जानेवारी, रविवार

नव्या घरात पहिला दिवस, आणि मला चक्क बरं वाटतंय. लाहूदादांच्या टेम्पोतून डहाणूहून सामान आलं, एकही बशी फुटली नाही. लाहूदादा म्हणजे घरमालक. घर अच्छाडच्या नाक्यापासून आत चालत दहा मिनिटं. पुढच्या दोन खोल्या सिमेंटच्या आहेत, मागची एक जुनी, कुडाची, शेणाने सारवलेली. उद्या तलासरीच्या ऑफिसात रुजू व्हायचं.

वही नवी, म्हणून वर नाव घातलं, रुचिता काशीनाथ, आणि बाबांचे नियम पुन्हा लिहिते. दम्यामुळे मी चौथीपर्यंत शाळेत गेले नाही. बाबा रेल्वेची ड्यूटी संपवून यायचे आणि मला शिकवायचे. रोज रोजनिशी लिहायची. पाहिलं ते आधी, वाटलं ते नंतर. लिहिलेलं खोडायचं नाही.

बाबा जाऊन दीड वर्ष झालं. तेव्हापासून आई आवाजाला दचकते. हायवेवर ट्रकने हॉर्न दिला की तिच्या हातातलं खाली पडतं. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांपेक्षा घर शांत ठेवा. नोकरी इथे लागली आणि घरही हायवेजवळच मिळालं, हे मला फार लागून राहिलंय. त्यावर आईनेच मला हसून, स्वतःचंच नाव घेऊन सांगितलं की सुधाबाईंना घेऊन हिमालयात थोडीच जाणार आहेस. बऱ्याच दिवसांनी ती असं बोलली.

मागच्या खोलीत कोपऱ्यात एक कणगी आहे, धान्य साठवायची, कमरेएवढी, बांबूची, शेणाने लिंपलेली. लाहूदादा म्हणाले, सगळं घर वापरा, कणगीला तेवढा हात लावू नका. आत मूठभर भात आहे, दरवर्षी कापणीनंतर त्यांची आई नवी मूठ टाकते आणि मग जुनी काढते. म्हातारीचं खूळ आहे, म्हणाले. मी हो म्हटलं.

८ जानेवारी, बुधवार

मागची खोली आईसाठी करायची ठरवलं आहे. जपानी पद्धतीची, झेन म्हणतात तशी. तीन दिवस मोबाइलवर तेच बघतेय. जमिनीलगतचं बुटकं टेबल, गवती चटई, भांड्यात एकच फांदी. बाकी भिंती मोकळ्या. एका लाकडी ट्रेमध्ये पांढरी वाळू, तीन दगड, आणि छोट्या दाताळ्याने वाळूत रेघा ओढायच्या. रेघा ओढताना श्वास आपोआप संथ होतो म्हणे.

दक्षा माझ्या शेजारच्या टेबलावर बसते, उंबरगावहून येते. तिला फोटो दाखवले. ती म्हणाली, एवढं रिकामं घर? चोर आला तर बिचारा खिशातलं काहीतरी ठेवून जाईल.

अडचण एकच. सकाळचं ऊन जिथे पडतं, ट्रे जिथे शोभेल, तिथेच कणगी आहे.

११ जानेवारी, शनिवार

आईला घेऊन बोर्डीला गेले. पाण्याजवळची ओली वाळू घेतली नाही, सुरूच्या झाडांजवळची कोरडी घेतली. एकच पिशवी घेतली, तरी वाटलं कुणाला विचारायला हवं होतं का. आई पाण्यात पाय बुडवून उभी होती. परतताना बसमध्ये माझ्या खांद्यावर झोपली. चिकूंची पिशवी तिच्या मांडीवरून घरंगळली तेव्हाही दचकली नाही.

वाळू धुऊन, चाळून, गच्चीवर वाळत घातली आहे.

१२ जानेवारी, रविवार

पाहिलं ते आधी. आज सकाळी दहा वाजता मी कणगी हलवली.

लाहूदादांची आई, बायजी आजी, मुलीकडे सायवनला गेली आहे. ती येईपर्यंत ठेवते बाजूला, मग विचारून घेते, असं मी स्वतःला समजावलं. तळाशी मूठभरच भात होता, सालीसकट, काळपट, त्यात टोके झालेले. दुसऱ्या डब्यात काढून ठेवायला हवा होता. किड्यांची किळस आली म्हणून अंगणात कोंबड्यांना टाकला. कणगी मागच्या पडवीत ठेवली. तिच्या जागी ट्रे ठेवला, वाळू ओतली, दगड मांडले.

वाटलं ते नंतर. वाईट वाटलं. दिलेला शब्द मोडला.

पण दुपारी एक गोष्ट झाली. आई चटईवर बसली होती आणि मी रेघा ओढत होते. मला एकदम लक्षात आलं, ट्रक ऐकू येत नाहीत. पुढच्या खोलीत गेले, तर येतात. मागे आले, तर नाहीत. कुडाच्या भिंतीवर लिंपण जाड आहे, त्यामुळे असेल. आई तिथेच नऊ तास झोपली. नऊ.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. इथे गुजरातसारखे पतंग. सगळी आळी गच्चीवर, स्पीकर, पतंग कापला की आरडाओरडा. मागच्या खोलीच्या खिडकीतून पतंग दिसत होते, माणसांची तोंडं उघडत होती, आवाज नव्हता. आई हसत बघत होती.

दक्षा तिळाची चिक्की घेऊन आली. खोली बघून म्हणाली, छान आहे, पण मला इथे पाच मिनिटांवर बसवणार नाही. का, ते तिला सांगता येईना. कानांत दडे बसल्यासारखं होतंय म्हणाली.

चिक्कीची वाटी बुटक्या टेबलावर राहिली. संध्याकाळी बघितली तर रिकामी. मुंगी नाही, कण नाही, वाटी धुऊन पुसल्यासारखी. आईने खाल्ली असेल. सकाळी ओढलेल्या रेघाही नव्हत्या. वाळू सपाट होती.

१६ जानेवारी, गुरुवार

भांड्यातली चिकूची फांदी नाही. आईला विचारलं, ती म्हणाली, कसली फांदी? मी मागे पानं उलटून बघितली. फांदी आणल्याचं मी कुठे लिहिलेलंच नाही, फक्त लावायची ठरवली आहे एवढं लिहिलंय. मग मला खरंच आठवतंय की वाटतंय?

यापुढे खोलीत काय काय आहे ते रोज लिहायचं.

आज: टेबल, चटई, भांडं, ट्रे, तीन दगड, दाताळं. आईचा चष्मा.

१७ जानेवारी, शुक्रवार

टेबल, चटई, ट्रे, दोन दगड.

चष्मा नाही. आई म्हणते तिला चष्मा कधी नव्हताच.

१८ जानेवारी, शनिवार

मुद्दाम तिच्या मागे स्टीलचं ताट आपटलं. तिने वळून बघितलं नाही. क्षणभर, देवा, मला आनंद झाला. आई बरी झाली.

मग लक्षात आलं की ताट पडल्याचा आवाज मलाही आला नव्हता.

तिला हाताला धरून पुढे आणलं. हात हलका लागला, आतून पोकळ असल्यासारखा. तिच्या उजव्या मनगटावर तेलाने भाजल्याचा डाग आहे. मी सात वर्षांची होते, माझ्यासाठी शंकरपाळे तळताना भाजलं होतं. आज मनगट स्वच्छ आहे. मी दुसरा हातही बघितला.

ती पुढच्या खोलीत थोडा वेळ बसली, मग उठून मागे गेली.

१९ जानेवारी, रविवार

बायजी आजी सायवनहून आली. तिने पडवीत कणगी बघितली. ती ओरडली नाही. तिने एवढंच विचारलं, भात कुठे आहे. मी सांगितलं, कोंबड्यांना टाकला. 

मग जे बोलली ते जसंच्या तसं लिहिते. “पोरी, कणगी आमची नाय. कणगी त्या कोपऱ्याची. त्याच्या तोंडापुढं मूठभर असलं की तो गप ऱ्हातो. आधी टाकायचं नि मंगच काढायचं, हे माझ्या सासूनं मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी शिकवलं. तू कोपरा उपाशी ठेवलास. नि वर माणूस बसवलंस त्याच्यापुढं.”

मी पाया पडले. ती म्हणाली, माझ्या काय पडतेस, तुला तरी कुणी सांगितलं होतं. लाहूदादांकडे बघून म्हणाली, खूळ सांगितलं असणार यानं. लाहूदादा खाली बघत होते.

कणगी परत आत ठेवली. तिने नव्या भाताची मूठ टाकली. आम्ही बघत होतो. मूठ तळाला लागल्याचा आवाज आला नाही. वाकून बघितलं, काही नव्हतं. दुसरी टाकली. तिसरी. लाहूदादांनी अख्खं पोतं ओतलं.

कणगी रिकामी.

बायजी म्हणाली, आता त्याला भाताची चव ऱ्हायली नाय. आईला माझ्याकडे आण.

नेलं. शेजारी बायजीच्या घरात निजवलं, माझ्या ओढणीचं टोक तिच्या मनगटाला बांधलं.

२० जानेवारी, सोमवार

सकाळी ओढणीची गाठ तशीच होती. आत मनगट नव्हतं.

आई मागच्या खोलीत, चटईवर. ट्रे नाही, टेबल नाही. नुसती कणगी, आणि तिच्यासमोर आई. मी तिला उचललं. मी, जिला बादली उचलली की धाप लागते, मी तिला एका हाताने उचललं. दारापर्यंत नेलं. दारात हात रिकामे होते, आणि ती परत चटईवर होती.

चार वेळा केलं. पाचव्यांदा तिने माझ्याकडे बघून मान हलवली. नको. तेवढंच.

रजेचा अर्ज लिहिला. कारण – आईची तब्येत.

२१ जानेवारी, मंगळवार

अर्ज द्यायला गेले. साहेबांनी माझी फाइल मागवली. रुजू होताना भरलेल्या फॉर्मवर वारसाच्या जागी मी आईचं नाव लिहिलं होतं, माझ्या हाताने, निळ्या पेनाने. ती जागा कोरी आहे. साहेब चिडले नाहीत, हळू आवाजात विचारलं, बाई, तुम्हाला बरं नाही का?

दक्षाला म्हटलं, संक्रांतीला तू भेटलीस ना तिला. दक्षाने माझा हात धरला. म्हणाली, तू एकटीच राहतेस ना गं, म्हणून तर मी आले होते.

घरी पळत आले. आई आहे. आहे. खिडकीतलं ऊन तिच्या अंगावर पडतं आणि पलीकडे चटईवरही पडतं.

बायजी म्हणते, आधी टाकायचं, मग काढायचं. काय टाकू? माझं काय आहे? कणगीत टाकलं –
बाबांचं घड्याळ. गेलं.
माझ्या पदवीचं सर्टिफिकेट. गेलं.
दम्याचा पंप. गेला.

आई तशीच.

२२ जानेवारी

बायजी दोन कप चहा घेऊन आली. दारात थांबली. दुसरा कप कुणासाठी, तिला आठवेना. मी सांगितलं. ती रडायला लागली, म्हणाली, पोरी मला आठवत नाय, पण माझ्या हातानं दोन ओतले, म्हणजे असल.

चटईवर बघितलं –

नाही.

२३

दिवसभर हाक मारली. पुढच्या खोलीत मारली तर माझा आवाज येतो. मागे येत नाही.

विसरायचं नाही. आधीची पानं दर तासाला वाचायची. तेलाचा डाग. बोर्डीचं पाणी. खांद्यावर झोपली. हिमालय.

विसरायचं नाही

२५ जानेवारी, शनिवार

घर छान आहे. सकाळी उशिरा उठले, चहा केला. मागची खोली अगदी शांत आहे, स्वच्छ, कोपऱ्यात एक जुनी कणगी. मी एकटीला एवढी जागा पुष्कळ झाली. बऱ्याच दिवसांनी मन हलकं आहे, कसलीच काळजी –

मागची पानं बघितली.

अक्षर माझं आहे.

ही आई कोण

नाही. बाबा म्हणायचे, पाहिलं ते आधी. पाहिलं म्हणून लिहिलं. लिहिलंय म्हणजे होती. मला तिचा चेहरा आठवत नाही पण लिहिलंय, शंकरपाळे, माझ्यासाठी, भाजलं होतं –

वही घेऊन मागच्या खोलीत आले आहे. चटईवर बसले. चटई गरम आहे. आत्ताच कुणीतरी उठल्यासारखी.

कणगीत हात घातला. तळ लागत नाही. खांद्यापर्यंत घातला. आत कुणीतरी माझी बोटं धरली आहेत. सोडत नाही, ओढत नाही. नुसती धरली आहेत. त्या हाताचं मनगट चाचपलं. गुळगुळीत नाही, खरखरीत आहे, डाग आहे, डाग आहे –

आधी टाकायचं, मग काढायचं. समजलं.

दुसऱ्या हाताने लिहिते. अक्षर वाकडं येतंय, खोडत नाही. कुणी वाचलं तर, ती बाहेर आलेली दिसली तर तिला चहा द्या, आणि माझं नाव सांगा, तिला आठवणार नाही. आणि तिला तिचंही सांगा, पहिल्या पानावर आहे, मला आता पान उलटता येत नाही. आई, मी रुचिता. काशीनाथ आणि