उरलेल्या भाकरी

घोटावडे, रविवार

प्रिय आईस, तृप्तीचा सप्रेम जयभीम.

फोनवर तुला नीट ऐकू येत न्हाई, म्हणून लिहितेय. धाकटी मोनिका वाचून दाखवील.

प्रमोद गेला, त्याच्या पुण्यानुमोदनाचा विधी उरकून तुमी गावी गेलात, तवापासून माझी खोली आणि कंपनी एवढंच चाललंय. जेवते व्यवस्थित. बाजारात जावंच लागत न्हाई, घरात हाय त्यातच भागतंय.

रात्री भाकरी थापते तर आमा नवरा-बायको दोघांच्याच होतात. हाताला अजून कळलेलं न्हाई. मग सकाळी उरलेल्या कुस्करून कांदा-लसणाची फोडणी देते. एकदा त्यात सुकट भाजून टाकली, एकदा डब्याच्या तळाचं बेसन घालून वडे केले. चिंचेचा कोळ घातलेला कुस्करा तर तुलाबी आवडला असता. घरमालकीण रंभाबाई म्हणाल्या, "पोरी, एकटीसाठी एवढा घाट कशाला?"

परवा नेमकं एकटीपुरतंच पीठ घेतलं. खाऊन टोपलं रिकामं झालं. सकाळी उठले तर करायला काहीच न्हाई. गॅससमोर नुसती उभी राहिले, खाली कंपनीची गाडी हॉर्न वाजवून निघून गेली.

आता पुन्हा दोघांचंच पीठ मळते.

तुझे गुडघे कसे हायेत? भात लावून झाला का?

मला न्यायला कुणाला पाठवू नको. हितं त्याच्या वाटणीचं रोज काहीतरी उरतं तरी.

तुझीच,
तृप्ती