सोललेली द्राक्षं

१० जानेवारी
सुकन्या पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. सातवा महिना. नेमका आजच फळं-भाज्यांवरच्या औषधफवारणीचा व्हिडिओ पाहिला. यापुढे घरातलं भाजी-फळ खातं माझ्याकडे. दापोड्याच्या गोडाऊनमध्ये मालाचं चेकिंग मीच करतो. तो अनुभव वाया कशाला घालवा. बायको धम्मदिना म्हणाली, मी धुतेच की. धुणं आणि प्रोसेस यातला फरक तिला समजावला. ऐकता ऐकता ती झोपली.

११ जानेवारी
प्रोसेस: मीठ, सोडा, व्हिनेगर, मग साधं पाणी. पालक दुपारी दोनला गॅसपर्यंत पोचला. कोथिंबीर मधेच विरघळली. सुकन्या लोणचं-भात जेवली. शिस्त लागायला वेळ लागतो.

१३ जानेवारी
टेमघर नाक्यावर शेलार गावची कमळाबाई भाजी विकते. लेक बाळंतपणाला आलीय सांगून तिच्याकडे टेस्ट रिपोर्ट मागितला. म्हणाली, दादा, मिरची पायजे का न्हाय? मग विचारलं, पोरीला कितवा हाय? सातवा म्हटल्यावर परसातली चवळीची भाजी फुकट दिली. रिपोर्ट नसल्याने गॅलरीत वेगळी ठेवली. संध्याकाळी सुकली. संशय खरा निघाला.

१६ जानेवारी
सुकन्याला द्राक्षं हवीत. सालीची गॅरंटी नाही, म्हणून हाफ डे टाकून सोलली. वाटीचा तळसुद्धा झाकला नाही. सुकन्या खूप हसली, मग एकदम रडली. या दिवसांत होतं असं.

१८ जानेवारी
सुकन्या हल्ली शेजारच्या विनिताकडे गप्पा मारायला जाते. सारखी. येते तेव्हा ओढणीला संत्र्याचा वास. मैत्री असावी माणसाला.

२० जानेवारी
चेकअप. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वजन वाढायचं सोडून घटलंय, घरात चाललंय काय? मी प्रोसेस सांगितली. त्यांनी मधेच थांबवलं. म्हणाल्या, वाहत्या नळाखाली चोळून धुवा आणि पोरीला पोटभर खाऊ द्या. बिचाऱ्यांना पेशंट फार, वाचायला वेळ मिळत नसावा. परतताना रिक्षात धम्मदिनाने जावयाला फोन लावला. मला व्हिनेगर संपल्याची काळजी होती.

२१ जानेवारी
जावई दीपेश कल्याणहून गाडी घेऊन आला. सुकन्याला घेऊन गेला. धम्मदिनाही गेली. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, पण मी मोठ्या मनाने परवानगी दिली. कोणी मागितली नव्हती, तरी.

२८ जानेवारी
धम्मदिनाचा फोन. सुकन्याचं वजन वाढलं. म्हटलं, पाया इथेच घातला गेला. ती म्हणाली, तुम्ही जेवता काय? वडापाव. बटाटा सोललेला असतो.
मग सुकन्याने फोन घेतला. पप्पा, रविवारी या ना. विचारलं, काय आणू? म्हणाली, काही नको. रिकाम्या हातांनी या.

१ फेब्रुवारी, रविवार
लेकीकडे रिकाम्या हातांनी पहिल्यांदाच गेलो. हात कुठे ठेवावेत कळेना. तिचे गाल भरलेत. तिने पेरू कापला, तिखट-मीठ लावून पुढे केला. धुतलाय का, विचारणार होतो. तोंड भरलेलं होतं.